मागचं डावं बाकी आहे

हेमांगी घोरपडे, तुझ्यावर अन्याय झाला तो गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, क्रेगीबर्नला देशमुखकाकांच्या गराजमध्ये, चाळीसेक माणसांच्या देखत. तुला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

वेळ मी मुद्दाम टिपून घेतली. सवय आहे. विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं दोन वर्षं लिहिली, त्यात एवढंच शिकलो: कुणावर, कुठे, किती वाजता, हे आधी लिहायचं, राग मागाहून. तू यावर हसायचीस. "पुढारी, तुझा राग पण अपॉइंटमेंट घेऊन येतो की." हस आजही. पण ऐक.

तुझा फोटो काकांच्या त्या जुन्या स्टेशन वॅगनच्या बॉनेटवर ठेवला होता. हार होता, उदबत्ती होती. काका बोलायला उभे राहिले. त्यांना तुझं दुःख मनापासून आहे, हे खरं आहे आणि ते मी लिहिणार. म्हणाले, "आपल्या हेमांगीने जाता जाता सुद्धा काम अर्धवट सोडलं नाही. ही वॅगन तिने स्वतःच्या हाताने तयार करून ठेवलीय. पुढच्या सोमवारी, दसऱ्याला, पूजा करू आणि तिची आठवण म्हणून किल्ली नव्या आलेल्या रेवतीच्या हातात देऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "किती गुणी पोर!" पदर, ओढणी, टिश्यू, ज्याच्या हाताशी जे होतं ते डोळ्यांना लागलं. मी रडलो नाही. मी काचेतून गाडीच्या आत बघत होतो. स्टिअरिंगवर तू चिकटवलेली पट्टी जागेवर नव्हती.

ती पट्टी तू लिहिलीस तेव्हा मी शेजारी उभा होतो. रंगारी वापरतात तसली पिवळी कागदी चिकटपट्टी, त्यावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत: "चालवू नका. मागचं डावं बाकी आहे." खाली तहसीलदारासारखी सही ठोकलीस. मी विचारलं, सही कशाला? म्हणालीस, "सही नसली की लोकांना वाटतं सल्ला दिलाय."

म्हणजे जी गाडी तू पास केली नव्हतीस, ती तुझ्या फोटोसमोर, तुझ्या नावाने, पास झाली. एखाद्या कारागिराचा याहून मोठा अपमान कसा करता येईल, मला तरी सुचत नाही.

तुला माहीत असलेलंच थोडं सांगतो, कारण हे बाकीचेही वाचणार आहेत. देशमुखकाका आपल्यासारखेच देश सोडून इथे शिकायला आले, पहिल्या नोकरीत ही वॅगन घेतली, पुढे आयटीत स्थिरावले, क्रेगीबर्नला घर बांधलं, नवी गाडी आली, तरी वॅगन विकली नाही. आता दर सेमिस्टरला विमानं भरभरून पोरं उतरतात, दर दुसऱ्या दुकानाच्या माळ्यावर नवं कॉलेज उघडतं, आणि पहाटे पाचच्या शिफ्टला पोचवणारी बस मात्र कुणी सुरू करत नाही. म्हणून काका दर वर्षी ही वॅगन नव्या पोरांना फुकट वापरायला देतात. दसऱ्याला पूजा करून किल्ली द्यायची, जूनमध्ये गाडी परत घ्यायची. हिवाळाभर ती गराजमागे ताडपत्रीखाली. का, तर काचेवरचं धुकं घालवणारा डिमिस्टर चालत नाही, थंडीत काच धुकते, उगाच रिस्क नको. आणि इथे ऋतू उलटे, दसरा वसंतात येतो, त्यामुळे गाडी बाहेर काढायचा मुहूर्त कुणाला शोधावाही लागत नाही.

हा चांगुलपणा आहे. मी त्याला कधी चांगुलपणा म्हटलं नाही, उपकार म्हटलं. क्लेटनच्या आपल्या घराच्या पायरीवर बसून तुला सुनावलं होतं, की उसन्या गाड्यांनी प्रश्न सुटत नाहीत, बस मागितली पाहिजे, हक्काने मागितली पाहिजे. तू कांदा चिरत होतीस. म्हणालीस, "माग की. मी सही करतो. पण बस येईल तेव्हा येईल, उद्या पाचला पोरगी कशी जाणार ते सांग." तुमच्या इस्लामपूरकडच्या मुली बोलतात तसं तू 'करतो, बघतो, येतो' म्हणायचीस, आणि पुण्याचा मी पहिले दोन महिने दचकत होतो. पण प्रश्न बरोबर होता. पत्रकात उद्या पाचला काय करायचं हे लिहायला जागा नसते.

आणि त्याआधी, गेल्या वर्षी, तोच उपकार मी स्वतः घेतला होता. किल्ली माझ्या हातात आली होती. तो दिवस मला तुझ्यासाठी पुन्हा सांगायचा आहे, कारण रविवारी तो कुणीच सांगितला नाही.

पूजा झाली होती, नारळ फुटला होता, आम्ही पाच जण गाडीत बसत होतो, तिथून थेट फ्रीवे. तू तेव्हा माझ्यासाठी कुणाच्या तरी ओळखीची, वर्कशॉपमध्ये फोनवर बसणारी एक मुलगी होतीस. सणाचा हिरवा ड्रेस होता तुझा. तू पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसलीस आणि टायरवरचा नंबर वाचायला लागलीस.

"काका, टायर कधी बदलले होते?"

"नवेच आहेत गं. नक्षी बघ की किती खोल आहे."

"नक्षी असू दे. ही बघा पत्रिका. हे चार आकडे आहेत ना, कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली जन्माला आला ते. अकरा वर्षांचं म्हातारं आहे हे." अंगठा दाबून तू रबराच्या कडेच्या भेगा उघडून दाखवल्यास. "उभं राहून राहून चिरलंय. फ्रीवेवर तापलं की फुटणार."

एक मावशी म्हणाल्या, "अगं, सणाच्या दिवशी असं बोलू नये."

"सणाचंच बोलतोय मी, मावशी. सण आहे म्हणून तर पाच जण बसलेत ह्यात."

मग माझ्याकडे वळलीस. ओळख ना पाळख. "आणि तुम्ही ते शोषण-बिषण लिहिता ना पत्रकात? उतरा खाली."

मी उतरलो. चिडून उतरलो. त्या दिवशी गाडी हलली नाही, लोक कुरकुरत जेवले, आणि आज मी हे लिहायला जिवंत आहे. आभार मानायचे राहून गेले. आपण लगेच भांडायला लागलो ना, वेळच मिळाला नाही.

पुढचे तीन शनिवार तू त्या गाडीखाली होतीस. मला कळलं की लांबून येऊन "स्टार्ट झाली का?" विचारणारे सगळे बॅटरीबद्दल विचारत असतात. गाडी स्टार्ट होणं ही तुझ्या यादीतली शेवटची गोष्ट होती. "चालू काय, कुणीपण करतंय. थांबली पाहिजे." आधी ब्रेक, मग टायर, मग दिवे, मग ऑइल आणि पाणी, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. आमचा क्रम नेमका उलटा होता: बॅटरी, हार, नारळ, निघा.

तिसऱ्या शनिवारी तू वायपरखालची जाळी उघडलीस. काकू चहा घेऊन आल्या होत्या. तू आत हात घातलास आणि मूठभर काहीतरी बाहेर काढलंस. हळदीचे पिवळे तांदूळ. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. नारळाच्या शेंड्या. आणि या सगळ्याचं विणलेलं, गरम, व्यवस्थित घरटं.

"काका, डिमिस्टर कधीपासून बंद आहे म्हणालात?"

"झाली तीन-चार वर्षं. जुनी गाडी आहे, चालायचंच."

"जुनी-बिनी काही नाही. पंख्याला फिरायला जागा कुठाय? उंदरीण बाळंत झालीय ह्यात. डिंकाचे लाडू तेवढे राहिलेत."

काकूंच्या हातातला ट्रे हलायला लागला, इतक्या त्या हसल्या. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब बसत होता. दर दसऱ्याला आपण चाळीस जण बॉनेटवर अक्षता टाकतो. त्या जाळीतून आत पडतात. ताडपत्रीखाली उंदीर येतात, खातात, राहतात. पंखा तुंबतो, काच धुकते. काच धुकते म्हणून आपण गाडी हिवाळ्यात झाकून ठेवतो, आणि झाकली की उंदरांना पुन्हा चार महिने निवांत. चार वर्षं आपण ज्या आजारापायी गाडीला अंथरुणावर ठेवलं, तो आजार आपणच तिच्या नाकात कोंबत होतो. भक्तिभावाने.

आता कबुली. त्या वर्षी सगळ्यात जास्त अक्षता मी टाकल्या होत्या. 'नास्तिक' हा शब्द स्वतःच्या परिचयात लिहिणाऱ्या मी. काकूंनी ताट पुढे केलं, गाडी मिळाल्याचा आनंद इतका होता की दोन मुठी उधळल्या. तू पाहिलं होतंस. कुणाला बोलली नाहीस.

मला मात्र लगेच पत्रक सुचलं. मथळासुद्धा तयार होता. तू म्हणालीस, छापू नको. आपलं सगळ्यात मोठं भांडण ते.

"का नको? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच. काकू वाचतील, रडतील, आणि पुढच्या वर्षी कुणाला गाडी द्यायला धजणार नाहीत. माणसाला समोर सांग."

"समोर ऐकत नाहीत माणसं."

"मग दुसऱ्यांदा सांग."

"दुसऱ्यांदाही नाही ऐकलं तर?"

"तुला काय घाई आहे रे? मी आहे की इथं."

हे वाक्य मी आता किती वेळा ऐकतो, ते लिहीत नाही.

तुला पूजेचा राग नव्हता. मला होता, आणि मला वाटायचं तू माझ्या बाजूची आहेस. इस्लामपूरला तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, पांढऱ्या धोतरावर मांडतात, आणि त्या दिवशी एकाही पान्याला हात लावत नाहीत, हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा देवळात असल्यासारखा झाला होता. क्लेटनच्या भाड्याच्या खोलीतही तू टॉवेल अंथरून चौदा पाने मांडलेस. कुंकू लावलंस. अक्षता ताटलीतच ठेवल्यास. "हत्याराला सुट्टी द्यायची, गाडीला नाही," म्हणालीस. मी त्यावरही काहीतरी खवचट बोललो असणार. आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं.

तुझ्या कॉलेजचं रविवारी एकाने सांगितलं, पण कसं सांगितलं! "बिचारीचं कॉलेज बंद पडलं." बिचारी! अकरा महिने वाहनदुरुस्ती शिकवली, फी घेतली, आणि एका सोमवारी दारावर कुलूप आणि कागद. सर्टिफिकेट नाही, म्हणून कुठलाही वर्कशॉपवाला तुला गाडीखाली जाऊ देईना. शेवटी एकाने घेतलं, फोन उचलायला. तिथे तू फोनवरूनच गिऱ्हाइकाला विचारायचीस, आवाज वळताना येतो का ब्रेक दाबताना, आणि आजार ओळखायचीस. आतल्या मेकॅनिकला चिठ्ठी पाठवायचीस. इथले लोक पोरीबाळींना म्हणतात तसं बॉस म्हणायचा, "लव्ह, तू फक्त बुकिंग घे." आणि चिठ्ठी मात्र खिशात टाकायचा. त्याला माहीत होतं ना.

पण मी कुठल्या तोंडाने बोलू? त्या कॉलेजविरुद्धच्या पत्रकात तुझी हकिकत मी छापली, तेव्हा लिहिलं, 'एक पीडित विद्यार्थिनी'. तू ते पत्रक नीट घडी घालून परत दिलंस. "पीडित कशाला लिहिलंस? मेकॅनिक लिही." मी म्हणालो, पत्रकात पीडित असं लिहिलं की लोक वाचतात. तू म्हणालीस, "वाचतील. पण गाडी दाखवायला येणार नाहीत." दुसऱ्या आवृत्तीत बदलतो म्हणालो. दुसरी आवृत्ती निघाली. बदललं नाही.

आता बदलतो. हेमांगी घोरपडे, मेकॅनिक. ज्याला सर्टिफिकेट बघायचं असेल त्याने माझ्याकडे बघावं; हातपाय शाबूत आहेत.

आता या वर्षीचं. डिमिस्टर तू दुरुस्त केला होतास. काच स्वच्छ होत होती. म्हणजे गाडी हिवाळ्यात ठेवून द्यायचं कारणच उरलं नव्हतं. तरी जूनमध्ये ती ताडपत्रीखाली गेली. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, आपली पद्धत आहे ती." चार वर्षांत पद्धत! आणि उतारावर उभी म्हणून हँडब्रेक करकचून ओढून ठेवला, चार महिने. तू सांगितलं होतंस की गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा, हँडब्रेक सोडा. पण पुण्यात सोसायटीच्या उतारावर ज्याने गाडी लावली, त्याचा हात झोपेतही हँडब्रेककडे जातो. काकांचा गेला. दोष देत नाही, माझाही गेला असता.

तू आजारी पडायच्या आदल्या शनिवारी आपण दोघं क्रेगीबर्नला गेलो. मागची दोन्ही चाकं जाम. दमट हवेत ब्रेकचे लायनर चाकामागच्या लोखंडी ड्रमला आतून चिकटून बसले होते. तू लाकडी हातोडा घेऊन उजव्या ड्रमभोवती टकटक करत फिरलीस, कान लावून, तबला जुळवतात तशी. मी घाईने म्हणालो, जोरात हाण ना. "जोरात हाणायला काय, तू आहेस की. जरा बोलू दे त्याला." वीस मिनिटांनी कट् असा आवाज आला आणि चाक सुटलं. तू इतकी खूश झालीस की काकूंना बोलावून चाक फिरवून दाखवलंस. पुढची दोन आधीच झाली होती. तीन झाली.

मग मागचं डावं. जॅकवर घेतलं, टायर काढला, दोन टकटकीतच चाक सुटलं, आणि तू हातोडा खाली ठेवलास.

"पुढारी, हात लाव इथं."

"ओलं आहे."

"वास घे."

"तेलकट. पाऊस नाही हा."

"ब्रेक ऑइल. आतला सिलिंडर गळतोय. हे वाईट." आणि मग ते म्हणालीस, जे मी रविवारी सगळ्यांना ओरडून सांगायला हवं होतं. "गाडी चालवून बघितली ना, तर ब्रेक लागेल. चार दिवस झकास लागेल. पाचव्या दिवशी सिग्नलला पाय थेट तळाला जाईल. म्हणून तर वाईट. आधी कळत नाही."

चाक परत लावून ठेवलंस, गाडी जॅकवर लटकत ठेवायची नाही म्हणून. पार्ट सोमवारी मागवतो, पुढच्या शनिवारी बसवतो, म्हणालीस. पट्टी लिहिलीस, सही केलीस. सोमवारी तुला ताप आला. पुढचा शनिवार तुला मिळाला नाही. एवढंच. त्या मधल्या तीन दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.

पट्टी कुणी काढली ते मी शोधलं. कट नव्हता, कारस्थान नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं, लिहायला सोपं गेलं असतं. काकूंनी काढली. शुक्रवारी त्या गाडी आतून धूत होत्या, तुझ्यासाठी, रडत. काचा पुसल्या, सीटा पुसल्या, स्टिअरिंगवरचा कागद निघाला. चष्मा नव्हता डोळ्यांवर. तो त्यांनी टाकूनही दिला नाही, देवघरात ठेवलाय, तुझं अक्षर म्हणून. वाचला नाही.

रविवारी मी उभा राहून म्हणालो होतो, "काका, मागचं डावं चाक राहिलंय." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निनाद, आज नको रे." आणि सगळ्यांना वाटलं, मी तिथेही भाषण करायला आलोय. माझीच करणी. एवढी पत्रकं वाटल्यावर माणसाच्या तोंडी खरी धोक्याची सूचनाही पत्रकासारखीच ऐकू येते.

म्हणून मी तुझं ऐकलं. दुसऱ्यांदा सांगितलं. सोमवारी फोन केला. काका म्हणाले, "अरे, शनिवारी जाताना ती हसत गेली. काम राहिलं असतं तर हसली असती का?" काम राहिलेलं असतानाच तू जास्त हसायचीस. म्हणालो, मला गाडी न्यायला द्या, ट्रकवर घालून वर्कशॉपला नेतो. "पूजेआधी हलवायला नको. तिने तयार केलीय तशीच देऊ. दसरा झाला की सर्व्हिसिंगला टाकू. नो वरीज."

मग रेवतीला फोन केला. ही पोर चार महिन्यांपूर्वी आली, क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकते, पहाटे पाचला बेकरीत उभी असते, आणि तिथे जायला चाळीस मिनिटं अंधारात चालते. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "दादा, पण काका म्हणाले ताईंनी स्वतः केलीय. ताईंनी केलेली गाडी खराब कशी असेल?"

बघ, तुझ्यावर किती विश्वास आहे. तो विश्वासच तिला मारेल.

मी म्हणालो, थोडे दिवस थांब. ती म्हणाली, "तोवर पाचला कशी जाऊ?" तुझाच प्रश्न. मी म्हणालो, मी उठतो आणि सोबत चालत येतो. दोन दिवस चालतोय. थंडी आहे. मला वाटतं तिला मी थोडा वेडा वाटतो.

तुझ्या अण्णांचा फोन आला होता. मी काय बोलावं याची तयारी करून ठेवली होती, सगळी वाक्यं मोडून पडली, कारण त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "पोरीकडं कुणाची गाडी उघडी राहिली नाही ना?"

मी म्हणालो, "नाही अण्णा. सगळी कामं पुरी केली तिने."

त्या माणसाशी मी खोटं बोललो. काकांनी रविवारी जे केलं, तेच मी फोनवर केलं, आणि त्याच कारणाने: त्यांना बरं वाटावं म्हणून. त्या क्षणापासून मला काकांवर पूर्ण चिडता येईना. पण गप्पही बसवेना.

समोर सांग, म्हणालीस, सांगितलं. दुसऱ्यांदा सांग, म्हणालीस, तेही केलं. आता छापतोय. आपलं ते भांडण मी जिंकलो असं समजू नकोस. तू असतीस तर तिसऱ्यांदा सांगायला तूच गेली असतीस, चहा पिऊन, चेष्टा करून, चाक काढूनच परत आली असतीस, आणि काकूंना वाटलं असतं की त्यांनीच तुला बोलावलं. मला ते येत नाही. मला कागदच येतो. तुझ्यासारखं राहता येणारी दुसरी कुणी मला या शहरात माहीत नाही, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायला मी दहा शनिवार घालवले. तू पाना माग, मी पाना दे, यातच बरं चाललंय असं वाटत राहिलं.

काकू, तुम्ही हे वाचाल. तिला तुम्हाला रडवायचं नव्हतं, म्हणून एक वर्ष तिने मला थांबवलं. देवघरातला तो पिवळा कागद चष्मा लावून वाचा.

आणि आता बाकीचे. किराणा दुकानात हा कागद ज्यांनी उचललाय ते, ज्यांना मेलवर आलाय ते, जे रविवारी गराजमध्ये होते ते सगळे. गाडी विकायची असेल तर सरकार तपासणीचा कागद मागतं. उसनी द्यायची असेल तर कुणी काही मागत नाही. म्हणून ते मागणं तुमच्यावर येतं. ज्यांच्या दारात हिवाळाभर उभी राहिलेली गाडी आहे आणि ती कुणा नव्या पोराला द्यायची आहे, त्यांनीही ऐका: तुमच्या गाडीलाही मागचं डावं चाक आहे.

पण आधी ही एक गाडी. सोमवारी किल्ली रेवतीच्या हातात पडेल. काका माझं ऐकत नाहीत. चाळीस जणांचं ऐकतील. रविवारी तुम्ही हेमांगीसाठी एक मिनिट गप्प उभे राहिलात. आज तिच्यासाठी एक मिनिट बोला. देशमुखकाकांना फोन लावा आणि एवढंच सांगा: सर्टिफिकेटवाल्या मेकॅनिकने मागचं डावं चाक उघडून, सिलिंडर बदलून, लेखी दिल्याशिवाय किल्ली कुणालाही देऊ नका, आणि तोवर रेवतीला पाचला सोडायला उद्या मी येतो.